गावातले हिशेब वर्गात कशाला?

नव्याने रुजू झालेले शिक्षक हटकून विचारतात, "सर, गावाचे प्रश्न वर्गात घेत बसलं तर पोर्शन कधी संपायचा?" तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

माझी शाळा बीड जिल्ह्यातली, जिल्हा परिषदेची. दिवाळीच्या सुमारास गावातली कितीतरी घरं ऊसतोडीला निघतात. सातवीला गणित शिकवताना मी फळ्यावर मांडतो: एका कोयत्याने, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीने, मुकादमाकडून, म्हणजे कारखान्याला मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, 1 लाख रुपये उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली. तोडणी टनाला 350 रुपये धरू. किती ऊस तोडला की उचल फिटेल?

उत्तर येतं साधारण 286 टन. दिवसाला 2 टन धरले तर 143 दिवस. मग हात वर व्हायला लागतात. "सर, आठवड्याची खर्ची धरलीच नाही." "आई आजारी पडली तर खाडा कापतात." एका मुलीने विचारलं, "आणि कारखानाच चार महिन्यांत बंद झाला तर?" बाकी पुढच्या सालावर जाते, हे उत्तरही तिनेच दिलं. जानेवारी 2024 मध्ये तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला, तो घेतला की शेकडेवारी आलीच. पोर्शन असा संपतो.

त्याच वर्गात मुकादमाचा मुलगाही बसतो. तो म्हणाला, "उचल घेऊन जोडी पळाली तर कारखाना आमच्या बापाला धरतो." खरंच आहे ते. मग तोही हिशेब फळ्यावर आला. इथे शिक्षकाने फार जपायला हवं. कुणाच्या घरी किती उचल आहे हे मी कधीच विचारत नाही. फळ्यावरचं कुटुंब मनातलंच असतं.

यातून काय बदललं, असंही विचारतात. काही मुलं आई-बापाने तोडलेल्या टनांची नोंद वहीत ठेवू लागली, वजनाच्या पावत्या जपून ठेवू लागली. हंगाम संपल्यावर हिशेबाला बसताना एक-दोन घरांत ती वही पुढे आली. जिथे पिढ्यान्‌पिढ्या समोरचा सांगेल तो आकडा मान्य होत आला, तिथे मला हे फार मोठं वाटतं.

आणि ही वाट आपल्याकडे जुनीच आहे. पुण्यात फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 1855 मध्ये 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. नुकती अक्षरं हाती आलेली चौदा वर्षांची मुलगी, आणि तिने ती आपल्या वस्तीसाठी वापरली.

तुमच्या गावात ऊसतोड नसेल तर दूध डेअरीची पावती घ्या. फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), लिटर, दर, कपात. उद्या मुलांना घरून एकेक जुनी पावती आणायला सांगा, वरचं नाव झाकून, आणि दशांश अपूर्णांक तिथूनच सुरू करा.