फक्कीच्या दोन रेघांमधली जागा

माघात मिरजेची सकाळ अजून गार असते, पण दहा वाजले की पटांगण तापायला लागतं. वसंतपंचमीनंतरच्या शनिवारी आमच्या शाळेचं संगीत आणि व्यायामाचं संमेलन व्हायचं. डिसेंबरातलं स्नेहसंमेलन वेगळं, त्यात नाटुकली, नाच आणि बक्षीस समारंभ. माघातलं हे संमेलन फक्त पाचवी ते सातवीचं. मंडप नाही, पडदा नाही. पाण्याचा सडा मारलेली माती, तिच्यावर आखलेल्या फक्कीच्या पांढऱ्या रेघा आणि एका कडेला सिमेंटचा ओटा, एवढंच. मी 1986 पासून लागोपाठ तीन वर्षं त्यात होते, आणि आजही कुठे लेझीम वाजली की माझे खांदे आपोआप सरळ होतात.

संक्रांतीचा तिळगूळ खाऊन झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी सातला सराव सुरू. शिपाईमामा भांडारखोली उघडायचे आणि वर्षभर खुंट्यांवर टांगलेल्या लेझमा खाली यायच्या. साखळ्यांना गंज चढलेला असायचा. पहिला दिवस त्या पुसण्यात आणि तेल देण्यातच जायचा, आणि हे काम मुलांनीच करायचं, असा पी.टी.च्या सरांचा दंडक होता. आपण पुसलेली लेझीम पुढे महिनाभर आपल्याच हातात राहायची. माझ्या लेझमीच्या दांड्याला एका टोकाशी बारीक चीर होती, तिच्यावर मी लाल दोरा गुंडाळला होता.

दुसरा दंडक त्याहून मोठा. कुणाला गाळायचं नाही. सहा तुकड्यांची मिळून अडीचशेच्या आसपास मुलं, आणि प्रत्येकाला काहीतरी करायला असायचंच. लेझीम, घुंगुरकाठी, डंबेल्स, मनोरे, मुलांचा पुरलेला मल्लखांब, मुलींचा दोरीचा मल्लखांब, समूहगान, हलगी. पाय ओढत चालणारा एक मुलगा आमच्या वर्गात होता. सरांनी त्याच्या हातात हलगी दिली आणि तिन्ही वर्षं अख्खं पटांगण त्याच्या काठीवर चाललं. ताल त्याच्या हातात उपजतच होता. तो हलगी शेकायला कागद पेटवायचा, तेव्हा आम्ही सगळे भोवती गोळा व्हायचो आणि चामडं ताणलं गेलं की नाही हे त्याच्या चेहऱ्यावरून ओळखायचो.

लेझमीत आधी ‘चार आवाज’, मग ‘एक जागा’, मग ‘पवित्रा’ आणि शेवटी ‘मोरचाल’. सर शिट्टी तोंडात धरून मोजायचे. आठवड्याभराने हाताला फोड यायचे, घरी आई हळद लावायची. मोरचालीत मान आणि लेझीम एकदम वळायला हवी. ते अडीचशेंतल्या एकालाही चुकलं की सर पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे, पण ओरडून नाही. “चला, एकदा अजून,” एवढंच म्हणायचे. पावसाळ्यात ऑफ तासाला हेच सर वर्गात येऊन गोष्टी सांगत. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला पुन्हा कसं उभं केलं, आणि 1936 साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ कसे दाखवले. एरंडेल चोळलेल्या आमच्या शाळेच्या त्या खांबाकडे मी मग वेगळ्याच नजरेने बघायची.

संगीताच्या बाईंची गोष्ट दुसरीच होती. त्यांच्या खोलीच्या भिंतीवर विष्णू दिगंबर पलुस्करांचा फोटो होता. जन्म इथून जवळच, कुरुंदवाडला. लहानपणी दारूकामात डोळे भाजले, उपचारासाठी मिरजेला आणलं आणि इथेच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकले. पुढे 1901 साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. बाई सांगायच्या, “पूर्वी गाणं शिकायचं म्हणजे गुरूच्या घरी राबायचं. तुम्ही चाळीस जण एका खोलीत बसून सरगम म्हणताय ना, त्याच्या मागे हा माणूस आहे.” हे सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. आम्ही चाळीस जण मग जास्त नीट बसायचो.

ह्या दोघांचं जमायचं कसं, ते सरावात दिसायचं. सरांना लय चढी हवी असायची, बाईंना धिमी. लेझमीचे चार आवाज आणि केरवा तालाच्या आठ मात्रा एकमेकांत छान बसतात, अडचण तिथे नव्हतीच. अडचण श्वासाची. खेळता खेळता गायचं, तर ओळीच्या मध्येच पोरांचा दम तुटायचा. एके सकाळी बाईंनी पदर खोचला, एकीच्या हातातली लेझीम घेतली आणि रांगेत उभ्या राहिल्या. दोनदा खेळून बघितलं, आणि मग म्हणाल्या, “सर, वाकताना श्वास बाहेर जातो, उठताना आत येतो. ओळ वाकण्याशी संपवू या, उठल्यावर नवी घेऊ.” त्या दिवशी गाण्याची मांडणी नव्याने झाली आणि दम तुटायचा थांबला. मी पुढे बऱ्याच ठिकाणी समूहगान ऐकलं आहे, चांगल्या चांगल्या गायकांचं. पण पोरांच्या फुप्फुसांचा इतका विचार केलेला मला पुन्हा कुठे दिसला नाही.

पाचवीत मी लेझीम खेळले. सहावीत बाईंनी मला तंबोऱ्यावर बसवलं. माझा आवाज बारीक होता, पण कान धरून ठेवतो, असं त्या म्हणाल्या. शाळेचा तंबोरा अर्थातच मिरजेचा, सतारमेकर गल्लीतला. संमेलनाच्या आदल्या दिवशी तिथले एक चाचा सायकलवरून येत आणि जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, काढून देत. घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, कानस हलकेच फिरवायची, तार छेडून बघायची, पुन्हा कानस. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा, आणि कुठल्याशा नेमक्या जागी तो आला की मघाशी ठणठणीत वाजणारी तार एकदम गुंजायला लागायची. ती जागा त्यांना डोळ्यांनी दिसत नसणार, कारण ते बघत खिडकीबाहेर असायचे. त्यांनीच मला सांगितलं होतं की हे भोपळे पंढरपूरकडचे, आणि त्यांचे पूर्वज शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. तलवारीचं काम संपलं तेव्हा ते हात तारांकडे वळले. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाल्याची बातमी आली, तेव्हा मला पहिली आठवण त्या खिडकीबाहेर बघणाऱ्या डोळ्यांची झाली.

चार तारा. पंचमाची मधल्या बोटाने, दोन्ही जोडाच्या, म्हणजे मधल्या षड्जाच्या, आणि खरजाची, म्हणजे खालच्या षड्जाची, तर्जनीने. बघायला सोपं, पण पाऊण तास एका गतीने छेडत राहिलं की बोटाची कातडी लाल होते आणि मन भरकटायला लागतं. पटांगणावरचा तंबोरा तर आणखी अवघड. सकाळी गारव्यात लावलेल्या पोलादी तारा ऊन चढलं की उतरतात. पेटी आपल्या जागी राहते आणि तंबोरा हळूहळू खाली सरकतो. बाई दोन गाण्यांच्या मध्ये माझ्याकडे नुसतं बघायच्या, आणि मी तारांतले मणी सरकवून सूर वर घ्यायचे. चाचांनी बजावलं होतं, “ह्याला सावलीत ठेवा बाई, उन्हात भोपळा रुसतो.” म्हणून दोन मुली माझ्यावर छत्री धरून उभ्या असायच्या. तेही संमेलनातलं एक काम होतं, आणि त्या ते पाळीपाळीने मनापासून करायच्या.

बाकीचे कार्यक्रम मी भरभर सांगते, कारण ते कुठल्याही शाळेत असतात. ध्वजवंदन, संचलन, डंबेल्स, घुंगुरकाठीचा झणझणाट, मनोरा, त्याच्या टोकावर पाचवीतलं सगळ्यात हलकं पोर. दोरीच्या मल्लखांबावर मुली पायाच्या अंगठ्यात दोरी धरून सरसर वर जायच्या, तेव्हा आयांच्या घोळक्यातून ‘अगं बाई’ असा एकच सुस्कारा यायचा. मधल्या सुट्टीत लिंबाच्या फोडी, ग्लुकोजचं पाणी आणि कागदाच्या पुड्यात भडंग.

शेवटचा कार्यक्रम मात्र आमच्याकडेच होता. त्याला सगळे ‘सांगता’ म्हणायचे. पटांगणावर लेझमीच्या आठ रांगा, ओट्यावर साठ जणांचा गाणारा संच, पेटी, तबला, तंबोरा. ओट्यावरचं गाणं माइकवरून पटांगणभर जायचं आणि खाली लेझीम त्याच्यावर चालायची.

सातवीच्या वर्षी, सांगतेचं दुसरं कडवं सुरू होताना, वीज गेली. कर्णा खरखरला आणि गप्प झाला. साठ जणांचे आवाज ओट्याच्या कडेपर्यंत जाऊन लेझमीच्या आवाजात बुडाले. मागच्या रांगांना गाणं ऐकू येईना. मोरचालीचं वळण तिकडे वेगळं, इकडे वेगळं व्हायला लागलं. एका रांगेतलं एक पोर थांबलं, त्याच्या मागचं त्याच्यावर आदळलं. मला रडू यायच्या बेतात होतं, पण बाई पुटपुटल्या, “तू थांबू नकोस. तुझं चालू राहू दे.” माझा तंबोरा शेजारच्या दोघींपलीकडे कुणाला ऐकू जात नव्हता. तरी मी छेडत राहिले.

सरांनी दोन्ही हात वर करून हलगीवाल्याकडे पाहिलं. त्याला काही सांगावं लागलं नाही. त्याने काठी कडेवर घेतली, अगदी हलकी, नुसता ठेका. सगळ्या रांगा आपोआप ‘एक जागा’वर आल्या. जागच्या जागी, मंद, साखळ्यांचा आवाज पाऊस थांबता थांबता पागोळ्यांचा येतो तसा. आणि बाईंनी गाणाऱ्यांना हाताने खूण केली, खाली उतरा म्हणून. साठ जण ओट्यावरून उतरले आणि लेझमीच्या रांगांमध्ये शिरले, दोन रांगांत एक, असे पटांगणाच्या टोकापर्यंत पसरले. बाईंनी पेटीवर षड्ज दिला, पहिल्याने उचलला, त्याच्याकडून पुढच्याने, आणि गाणं पटांगणाच्या आतून सुरू झालं. आता ते प्रत्येकाच्या कानाशी होतं. लेझीम खेळणारी मुलंही गायला लागली. उठताना ओळ घ्यायची, वाकताना सोडायची, बाईंनी लावून दिलं होतं तसंच. कुंपणाबाहेर सायकली थांबल्या. ओट्यावर आम्ही चौघीच उरलो होतो, पेटीवर बाई, छत्री धरलेल्या दोघी आणि मी. तबलजी तबला तिथेच सोडून खाली गायला गेला होता.

वीज पुढे केव्हा आली ते मला आठवत नाही. सर रात्री उशिरापर्यंत पटांगणावर एकटे फिरत होते, असं शिपाईमामांनी नंतर सांगितलं.

गेल्या वर्षी माघात माझी भाची पाचवीत होती म्हणून मी संमेलनाला गेले. जुन्या लोकांपैकी आता तिथे कुणी नाही. तंबोऱ्याच्या जागी एक छोटी पेटी आहे, बटण दाबलं की सूर धरणारी. ती उन्हात उतरत नाही. मुलं आमच्याहून उंच वाटली आणि लेझमा ॲल्युमिनियमच्या. सडा मात्र तसाच, आणि मातीचा वासही तोच. सकाळी लवकर पोचले होते. एक तरुण सर आणि सातवीतल्या दोन मुली वाकून फक्की मारत होत्या. आठ रांगांच्या रेघा, आणि प्रत्येक दोन रांगांच्या मध्ये दीड हात जागा सोडून आणखी एक बारीक रेघ. मी जवळ जाऊन विचारलं, “ही मधली कशासाठी?”

“गाणाऱ्यांची गल्ली आहे ती,” मुलगी म्हणाली, हातातला फक्कीचा डबा न थांबवता. “सांगतेला ते इथे येतात.”

“ओट्यावरून का नाही गात?”

तिने सरांकडे पाहिलं. सरांनी खांदे उडवले. “आमच्या शाळेत पहिल्यापासून असंच आहे,” ते म्हणाले, आणि दोरी पुढच्या रांगेसाठी ताणून धरायला मला दुसरं टोक दिलं.