कोल्हापुरात छोटी कॅरॅव्हॅन घ्यावी का?

गाडीच्या मागं जोडायची छोटी कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरची राहायची खोली, घ्यायचं मनात आलं की माणूस आधी किंमत विचारतो. कोल्हापुरात त्याच्याही आधी एक गोष्ट ठरवायला हवी: जून ते सप्टेंबर ती उभी कुठं करणार? चार महिने उघड्यावर भिजली तर तिसऱ्या पावसाळ्यापर्यंत आतल्या प्लायला वास यायला लागतो. पत्र्याचं छप्पर, सुकी जमीन आणि आजूबाजूनं वारा, एवढं हाताशी असेल तरच पुढचा हिशोब करावा. जागा पूररेषेच्या आत नको. 2019 आणि 2021 च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गच बंद पडला होता. अशा वेळी ओढणारी गाडी दुसरीकडं असली तर कॅरॅव्हॅन हलवता येत नाही.

आता वजन. समजा, रिकामं वजन 580 किलो आणि कमाल भरलेलं 750 किलो आहे. म्हणजे सामानाला 170 किलो मिळाले. त्यात 40 लिटर पाणी म्हणजे 40 किलो, 100 अँपिअर-अवरची लेड-अॅसिड बॅटरी 30, पाच किलोचा गॅस सिलिंडर भरून साधारण 13, बाजूचं ऑनिंग (ताणून उघडायचं कापडी छप्पर) 18, टेबल-खुर्च्या 15. झाले 116. उरलेल्या 54 किलोत गाद्या, भांडी, शिधा, टॉयलेटची कॅसेट (मैल्याची काढता येणारी टाकी) आणि कपड्यांच्या बॅगा बसवायच्या. छतावर एसी बसवला तर त्यातले तीसेक किलो आणखी गेले. विकणाऱ्यानं सांगितलेल्या रिकाम्या वजनात बॅटरी आणि ऑनिंग धरलंय का, ते विचाराच. पहिल्या सहलीला सगळं सामान भरून, गाडीपासून सोडवून, एकदा वजनकाट्यावर चढवा. आपल्याकडं काट्यांची कमी नाही.

वजन किती यापेक्षा ते कुठं आहे, याला जास्त महत्त्व आहे. बैलगाडी मागं जड झाली की उलाळते, हे इथं कुणाला शिकवायला नको. कॅरॅव्हॅनचंही तसंच. कपलिंगवर, म्हणजे गाडीला अडकणाऱ्या पुढच्या टोकावर, भरलेल्या वजनाच्या 5 ते 7 टक्के भार हवा, म्हणजे 750 किलोला साधारण 37 ते 52 किलो. घरचा वजनकाटा सपाट फरशीवर ठेवा, वर लाकडाचा ठोकळा उभा करा आणि कपलिंग टो-बॉलच्याच (ते ज्यावर अडकतं त्या गाडीमागच्या गोळ्याच्या) उंचीला येईल असं त्यावर टेकवा. आकडा कमी आला तर मागच्या कपाटातला डबा-किराणा चाकांच्या रेषेवर किंवा थोडा पुढं सरकवा. जास्त आला तर टो-बारवर (टो-बॉल ज्यावर बसतो त्या गाडीमागच्या दांड्यावर) कोरलेली मर्यादा बघा. मागं जड झालेली कॅरॅव्हॅन महामार्गावर शेजारून एसटी गेली तरी शेपटासारखी हलायला लागते. तेव्हा जोरात ब्रेक मारू नका आणि वेग वाढवून सरळ करायलाही जाऊ नका. अॅक्सिलरेटरवरचा पाय काढा, स्टिअरिंग सरळ धरा, वेग आपोआप उतरू द्या.

ओढणाऱ्या गाडीबद्दल सगळ्यांत जास्त चूक होते. नवख्यानं भरलेली कॅरॅव्हॅन गाडीच्या स्वतःच्या वजनाच्या 85 टक्क्यांच्या आतच ठेवावी, आणि कंपनीची मर्यादा याहून कमी असेल तर तीच खरी. बऱ्याच लहान गाड्यांच्या माहितीपुस्तकात ओढण्याची क्षमता दिलेलीच नसते किंवा 'ओढू नये' असं छापलेलं असतं. अशा गाडीला टो-बार लावला तर वॉरंटीचा आणि विम्याच्या दाव्याचा प्रश्न येतो. टो-बार बंपरला धरून वेल्ड केलेला नको, तो खालच्या मुख्य चौकटीला बोल्टनं बसलेला हवा. उद्यमनगरात हे काम नीट करणारे हात आहेत. चेसिस, कपलिंग, बेअरिंग यांसाठी कोल्हापूरकराला पुण्याला जावं लागत नाही, ही आपली मोठी जमेची बाजू.

कोकणात उतरायचं तर घाट आला. आंबा घाट त्यातल्या त्यात सोयीचा. करूळला वळणं दाबून घेतात, आणि भुईबावड्यात कॅरॅव्हॅन नेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. छोट्या कॅरॅव्हॅनचे ब्रेक बहुधा धक्क्यावर चालतात: पुढची गाडी मंदावली की मागची ढकलते आणि त्या दाबानं ब्रेक लागतात. उतारावर पाय सतत ब्रेकवर ठेवला तर लायनर तापून पकड सुटते. दुसऱ्या गिअरात उतरा, थोडा वेळ ठाम ब्रेक दाबा आणि मोकळा सोडा. चढावर हाफ क्लचवर गाडी धरून ठेवू नका, हँडब्रेक लावा. घाट संपला की थांबून चाकाच्या हबजवळ हात नेऊन बघा. एक बाजू दुसरीपेक्षा खूप गरम असेल तर ब्रेक चिकटलाय किंवा बेअरिंगमधलं ग्रीस संपलंय.

कायद्यानं ट्रेलरही मोटार वाहनच, त्यामुळं त्याची वेगळी नोंदणी आणि वेगळा विमा लागतो. गावातल्या फॅब्रिकेटरकडून बनवून घेणार असाल तर ॲडव्हान्स देण्याआधी आरटीओत जाऊन कोणती मंजुरी लागते ते विचारा. कागद न झालेली कॅरॅव्हॅन पुढं विकताही येत नाही. चालत्या कॅरॅव्हॅनमध्ये कुणीही बसायचं नाही, झोपलेलं मूलसुद्धा नाही.

जुनी घेत असाल तर रंग आणि पडदे बघण्यात वेळ घालवू नका. छतावर पाइपानं वीस मिनिटं पाणी सोडा. मग आत जाऊन खिडक्यांचे खालचे कोपरे, छतावरच्या झडपेची चौकट आणि बाकाखालची प्लाय अंगठ्यानं दाबत जा. अंगठा जरासा जरी आत गेला, तर प्लायमागची लाकडी चौकट कुजलीय असं समजा. ती दुरुस्ती म्हणजे अर्धी बॉडी उघडणं. जोडांवर पांढरं सिलिकॉन थापलेलं दिसलं तर गळती लपवलेली असू शकते. सिलिकॉनवर नंतर दुसरं काही चिकटत नाही, सगळं खरवडून ब्युटाइल टेप आणि पॉलीयुरेथेन सीलंट भरावं लागतं. टायरची नक्षी नवीकोरी दिसेल, कारण कॅरॅव्हॅन उभीच असते. बाजूचे चार आकडे वाचा: 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. सहा-सात वर्षांचा टायर नक्षी असली तरी बदलावा.

विजेचं गणित सोपं आहे. 12 व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज दिवसाला 30 ते 40 अँपिअर-अवर खातो, लेड-अॅसिड बॅटरीतले निम्मेच वापरायचे, म्हणजे एका रात्रीनंतर दुसऱ्या दिवशी चार्जिंग हवंच. बॅटरीवर एसी चालेल, ही आशा सोडा.

मग घ्यावी का? मिळतं ते खरंच मोलाचं आहे. तारकर्लीला किंवा गणपतीपुळ्याला चार दिवस कॅरॅव्हॅन लावून ठेवायची आणि गाडी मोकळी घेऊन फिरायचं. म्हाताऱ्या आई-वडलांना स्वतःचा बिछाना, स्वतःचं टॉयलेट. रोज मुक्काम बदलणाऱ्याला मात्र ती जोडण्या-सोडवण्यात आणि अरुंद बोळात मागं घेण्यात थकवते. ऑक्टोबर ते मे या काळात वीसेक रात्री तरी, त्याही एकेका जागी तीन-चार, होणार असतील तर घ्या. त्याहून कमी असतील तर भाड्यानं घ्या. आणि विकत घ्यायच्या आधी एक दिवस उसाच्या ट्रॉलीवाल्याकडं मोकळ्या शेतात रिव्हर्स शिका: ट्रॉली डावीकडं न्यायची तर स्टिअरिंग आधी उजवीकडं.