आमची वाटचाल : खाणीवरची माती सांभाळताना

भाड्याच्या एका पोकलेनवर आम्ही हा व्यवसाय सुरू केला, तेव्हा वाळू-गोट्यांच्या खाणीवरची माती आमच्या लेखी केवळ अडथळा होती. गोट्यांच्या थरापर्यंत पोहोचण्यासाठी ती बाजूला सारायची आणि डंपरच्या फेऱ्या मोजून बिल करायचे, एवढेच आमचे काम होते. आज आमची लहानशी संस्था त्याच मातीवर उभी आहे. माती काढणे, तिचे बांध घालणे, त्या बांधांवर तण माजू न देणे आणि खोदकाम संपल्यावर ती जमिनीवर परत पसरणे, हे आमचे मुख्य काम झाले आहे.

हा बदल एका चुकीतून झाला. आमच्या पहिल्या मोठ्या कामात आम्ही वरची सुपीक माती, तिच्याखालची चिकण माती आणि गोट्यांवरचे निकृष्ट आवरण असे सगळे एकाच ढिगात टाकले, तेही ऐन पावसात, आणि जागा वाचावी म्हणून ढिगावर यंत्र चढवून तो सहा मीटर उंच केला. चार वर्षांनी तो उकरला, तेव्हा आतली माती करडी-निळसर पडली होती, तिला कुजकट वास येत होता आणि त्यात एकही गांडूळ दिसत नव्हते. वर मात्र कमरेएवढे गाजरगवत माजले होते. ती माती पसरून पेरलेले गवत धड उगवले नाही, पावसाचे पाणी जागोजागी साचून राहिले आणि सगळ्या जमिनीवर पुन्हा गाजरगवतच पसरले. ते काम आम्ही आमच्या खर्चाने पुन्हा केले.

उंच आणि दाबलेल्या ढिगाच्या पोटात हवा पोहोचत नाही, जिवंत मुळे नसतात, आणि त्यामुळे मुळांच्या साथीने जगणाऱ्या बुरशीपासून गांडुळांपर्यंत सारी सजीव सृष्टी हळूहळू संपते, हे आम्हाला त्यानंतर समजले. एका हेक्टरवरचा तीस सेंटिमीटरचा थर काढला तर तीन हजार घनमीटर माती हाती येते. एवढी माती बिघडली तर ती बाहेरून आणून भरून काढणे कोणत्याही लहान संस्थेच्या आवाक्यात नाही. तेव्हापासून सुपीक माती आणि तिच्याखालची माती आम्ही वेगवेगळी ठेवतो, आणि सुपीक मातीचा ढीग तीन मीटरांहून उंच जाऊ देत नाही. माती हलवण्यापूर्वी मूठभर घेऊन तळहातावर वळून पाहतो. तिची तीन मिलिमीटर जाडीची न तुटणारी वात वळली गेली, तर ती फार ओली आहे असे समजून त्या दिवशी पोकलेन थांबवतो. यंत्र उभे राहिले की भाडे अंगावर पडते, तरीही या बाबतीत आम्ही तडजोड करत नाही.

आवाज आणि धूळ अडवण्यासाठी खाणीच्या कडेने घातलेला बांध हेच आमचे मातीचे कोठार असते. तो पुढे कधीतरी उकलायचा आहे, हे लक्षात ठेवूनच आम्ही तो रचतो. बाजूंचा उतार शक्यतो एकास तीन (एक मीटर उंचीला तीन मीटर आडवे अंतर) ठेवतो, म्हणजे त्यावर कापणीचे यंत्र चालते आणि पेरलेले बी पहिल्याच सरीत वाहून जात नाही. पायथ्याशी चर खणून गाळाचे पाणी निवळण कुंडाकडे वळवतो. डंपर रस्त्याच्या कडेवरून घसरू नयेत म्हणून घातलेला बांध मात्र वेगळा. तो सर्वांत मोठ्या वाहनाच्या आसाइतका तरी उंच लागतो, आणि त्यासाठी सुपीक माती वापरणे म्हणजे ती वाया घालवणे होय. तिथे गोटेमिश्रित आवरणच योग्य.

तणाशी आमचा सामना मात्र अजून चालू आहे. गाजरगवताचे एकेक झाड हजारो बिया टाकते आणि त्याच्या संपर्काने कामगारांच्या अंगावर पुरळ उठते, म्हणून ते फुलावर येण्यापूर्वीच हातमोजे घालून मुळासकट उपटावे लागते. लव्हाळ्याचे तसे नाही. त्याच्या गाठी मातीत खोल असतात, वरून कापले तर तो पुन्हा फुटतो, आणि एका ढिगातली माती दुसरीकडे नेली की गाठीही तिच्याबरोबर जातात. म्हणून लव्हाळ्याची माती आम्ही खुणा करून निराळी ठेवतो आणि तिथून निघालेल्या यंत्राचे पट्टे व बकेट धुतल्याशिवाय ते दुसऱ्या खाणीवर पाठवत नाही. विक्रीसाठी काढलेल्या गोट्यांच्या ढिगांभोवतीही तण राहू देत नाही, कारण तिथे पडलेले बी डंपरमधून थेट ग्राहकाच्या जागेवर पोहोचते. तणनाशक आम्ही अगदी मोजक्या ठिकाणी आणि पाण्यापासून दूरच वापरतो. आमचा खरा भरवसा बांध पूर्ण होताच पेरलेल्या दाट गवतावर आणि द्विदल चाऱ्यावर आहे, कारण उघडी माती दिसली की पहिले पाऊल तणाचेच पडते.

अलीकडे आम्ही जमेल तिथे साठवणच टाळू लागलो आहोत. खाणीचे टप्पे पाडून नव्या टप्प्यावरची माती काढताक्षणी खोदून झालेल्या टप्प्यावर नेतो. तिथला यंत्रांनी घट्ट झालेला तळ आधी रिपरने, म्हणजे यंत्राला लावलेल्या जाड लोखंडी दाताने, खोल फोडतो, त्यावर खालची माती आणि शेवटी सुपीक माती अंथरतो, आणि पसरलेल्या मातीवर पुन्हा कोणतेही चाक जाऊ देत नाही. सध्याच्या खाणीवर पहिला टप्पा असा भरून झाला आहे. तिथे गवत उगवले आहे, मातीत गांडुळे आहेत, आणि कडेच्या पट्ट्यात लव्हाळा अजून डोके काढतो, म्हणून दर पंधरवड्याला आमची दोन माणसे कुदळ घेऊन तिथे जातात.