आतून बाहेर जाणारी फाइल: बडोद्यातील घरगुती एजंटची प्रगती-नोंद

डांडिया बाजारातील काकांच्या घरी स्कॅन होणारी जुनी कागदपत्रे, म्हणजे मोडीतील हिशेबाच्या वह्या, पत्रे आणि खरेदीखते, रोज रात्री कोणाच्याही हाताशिवाय क्लाउडमध्ये पोहोचावीत ही व्यवस्था आता स्थिरावली आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी शहराच्या अनेक भागांत शिरले, तेव्हापासून एक प्रत शहराबाहेर असावी याविषयी आमच्या गटात दुमत नव्हते. मतभेद होता तो ती प्रत बाहेर कशी न्यायची याविषयी, आणि या नोंदीचा मोठा भाग त्यावरच आहे.

गटातील पहिली सूचना अशी होती की काकांकडे एसएफटीपी (फाइलींच्या सुरक्षित देवाणघेवाणीची पद्धत) सर्व्हर बसवावा आणि क्लाउडमधील कार्यक्रमाने रात्री येऊन फाइली उचलून न्याव्यात. याला पहिली अडचण जोडणीचीच आली. त्यांच्या राउटरला मिळणारा इंटरनेटवरचा (आयपी) पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला आहे. हा पट्टा एप्रिल २०१२ च्या आरएफसी ६५९८ या इंटरनेटच्या नियम-दस्तऐवजाने सेवादारांच्या सामायिक वापरासाठी राखून ठेवला असून, अनेक ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवलेले असल्यामुळे बाहेरून त्या घरापर्यंत थेट पोहोचता येत नाही. जादा पैसे भरून स्थिर पत्ता घेता येतो, हे खरे. तथापि माझे स्पष्ट मत असे आहे की तो मिळत असला, तरी या कामासाठी घेऊ नये. इंटरनेटकडे उघडलेल्या पोर्टवर, म्हणजे यंत्राच्या क्रमांकित दारावर, पासवर्डचे अंदाज बांधणारे कार्यक्रम दिवसरात्र धडकत राहतात, आणि त्या दारामागील सॉफ्टवेअरमध्ये एखादी त्रुटी निघाली तर पासवर्ड कितीही बळकट असून उपयोग होत नाही. मे २०२३ मधील मूव्हइटचे प्रकरण याच प्रकारचे होते: फाइलींच्या सुरक्षित देवाणघेवाणीसाठीच बनवलेल्या त्या सॉफ्टवेअरच्या वेब-भागात एसक्यूएल इंजेक्शनची, म्हणजे बाहेरच्याला डेटाबेसकडे स्वतःच्या आज्ञा घुसवू देणारी, त्रुटी निघाली आणि क्लॉप या टोळीने त्या वाटेने जगभरातील असंख्य संस्थांची माहिती पळवली.

संवाद कोणी सुरू करायचा, हा प्रश्न या विद्येत पहिल्यापासून आहे. फाइल हस्तांतराचा पहिला मसुदा, आरएफसी ११४, आयआयटी कानपूरमधून शिकून एमआयटीत गेलेल्या अभय भूषण यांनी एप्रिल १९७१ मध्ये लिहिला. पुढे एफटीपीची जी पद्धत रूढ झाली, तिच्या सक्रिय प्रकारात आज्ञा देण्यासाठी ग्राहक (म्हणजे सेवा मागणारा संगणक) सर्व्हरकडे जातो, परंतु प्रत्यक्ष फाइलीसाठी सर्व्हर उलट ग्राहकाकडे जोडणी करतो. सामायिक पत्त्यांच्या मागे बसलेल्या घरांत ही उलटी जोडणी अडते. शिवाय त्यात पासवर्ड उघडाच प्रवास करतो. पासवर्ड चोरण्याच्या अशाच एका प्रकारानंतर १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात एसएसएच या एन्क्रिप्ट केलेल्या जोडणीच्या पद्धतीचा जन्म झाला.

आम्ही स्वीकारलेली रचना याच्या नेमकी उलट दिशेची आहे. एजंट, म्हणजे फाइलींची ने-आण आपोआप करणारा कार्यक्रम, घरातच बसतो, टीएलएस या एन्क्रिप्शन-पद्धतीने संरक्षित अशी जोडणी ४४३ क्रमांकाच्या पोर्टवर तो स्वतः बाहेर करतो, आणि बाहेरून आत येणारी एकही वाट उघडी ठेवावी लागत नाही. मोठ्या सेवाही हेच करतात. अॅमेझॉनच्या एडब्ल्यूएस या क्लाउडमधील डेटासिंकचा एजंट आणि मायक्रोसॉफ्टच्या अझ्युअर डेटा फॅक्टरीचा सेल्फ-होस्टेड इंटिग्रेशन रनटाइम हे दोन्ही आतूनच बाहेर बोलतात. परंतु डेटासिंकच्या आभासी यंत्राला ३२ जीबी रॅम लागते आणि अझ्युअरच्या रनटाइमला विंडोजचे यंत्र, त्यामुळे घरगुती कामाला दोन्ही जड पडतात. काकांकडे रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक, त्याला जोडलेली एसएसडी आणि लिनक्समधील सिस्टमडीच्या देखरेखीखाली चालणारा आरक्लोन हा फाइली पाठवणारा कार्यक्रम, एवढ्यावर भागले आहे. साठवण एडब्ल्यूएसच्या एस-थ्री या साठवण-सेवेच्या मुंबई विभागात आहे.

या टप्प्यात सर्वाधिक वेळ अधिकारांच्या मांडणीला दिला, आणि तो द्यावाच असे मी आग्रहाने सांगेन. एन्क्रिप्शनची चर्चा सगळेच करतात. पण उद्या ते छोटे यंत्र कोणी उचलून नेले, तर त्यातील अधिकारांवर चोराला काय काय करता येईल, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. आमच्या एजंटला केवळ फाइल ठेवण्याचा अधिकार आहे. यादी पाहणे, वाचणे आणि पुसणे यांपैकी काहीही त्याला करता येत नाही. नुसत्या ठेवण्याच्या अधिकारानेही जुन्या नावावर नवी फाइल लिहिता येते, म्हणून बकेटवर (एस-थ्रीमधील आमच्या साठवण-पेटीवर) आवृत्ती-जतन चालू ठेवले आहे; त्यामुळे कोणी वरून काहीही लिहिले तरी मूळ प्रत तिच्या खाली शाबूत राहते. आरक्लोन मात्र स्वभावतः आधी पाहतो, मग ठेवतो आणि ठेवल्यावर पुन्हा पाहतो. ते सर्व पाहणे त्याच्या पर्यायांतून बंद केल्यावरच तो या चौकटीत बसला.

कायमस्वरूपी गुप्त किल्लीही त्या यंत्रात ठेवलेली नाही. जुलै २०२२ मध्ये आलेल्या आयएएम रोल्स एनीव्हेअर या एडब्ल्यूएसच्या सोयीनुसार एजंट आपले एक्स.५०९ प्रमाणपत्र (यंत्राचे डिजिटल ओळखपत्र) दाखवतो आणि त्याला तात्पुरते अधिकारपत्र मिळते, ज्याची मुदत नेहमीच्या मांडणीत एक तासाची असते. प्रमाणपत्र देणारे मूळ प्राधिकरण मी स्वतः उभे केले असून त्याची खाजगी किल्ली जाळ्याला कधीही न जोडल्या जाणाऱ्या लॅपटॉपवर आहे. यंत्र चोरीला गेल्यास ते प्रमाणपत्र रद्दयादीत टाकले की पुढील अधिकारपत्रे मिळणे थांबते.

ठेवणारा पाहू शकत नाही, तर पोहोचलेली फाइल बिनचूक आहे हे कोणी सांगायचे? त्यासाठी कारेलीबागेत माझ्या घरी दुसरा, केवळ वाचण्याचा अधिकार असलेला एजंट आहे. काकांकडचे यंत्र प्रत्येक रात्रीच्या फाइलींसोबत एसएचए-२५६ बेरजांची, म्हणजे फाइलीच्या मजकुरावरून काढलेल्या ठशांची, यादी पाठवते. माझे यंत्र पहाटे त्या फाइली उतरवून घेते, बेरजा नव्याने काढते आणि ताडून पाहते. यातून शहरातच आणखी एक प्रत आपोआप तयार होते. दरमहा १०० जीबीपर्यंत बाहेर उतरवण्याचे शुल्क लागत नसल्यामुळे खर्चाचा भारही पडत नाही.

पहिल्याच भेटीत काकांनी विचारले होते, "रात्री लाईट गेली तर अर्धंच पान तिकडे जाऊन बसणार नाही ना रे?" हा प्रश्न अगदी मर्मावर बोट ठेवणारा होता. ए-४ आकाराचे एक पान ६०० डीपीआयने २४ बिट रंगात स्कॅन केले की बिनसंक्षेपित टिफ सुमारे १०४ एमबीची होते, आणि तिचे लेखन चालू असतानाच एजंटने ती उचलली तर अर्धी फाइल जाऊ शकते. म्हणून स्कॅनर 'आवक' या फोल्डरमध्ये लिहितो. लेखन संपून फाइल बंद झाल्याची खूण लिनक्सच्या आयनोटिफाय या फाइलींवर नजर ठेवणाऱ्या सोयीकडून मिळाली, आणि त्यानंतर काही काळ तिचा आकार बदलला नाही, की तिचे नाव बदलून ती 'रवाना' फोल्डरमध्ये येते. दोन्ही फोल्डर एकाच फाइल-प्रणालीवर असल्यामुळे हा बदल अखंड असतो: फाइल तिथे एकतर पूर्ण असते किंवा मुळीच नसते. पलीकडे एस-थ्रीदेखील अपलोड पूर्ण होईपर्यंत फाइल दाखवत नाही. मोठ्या नकाशांच्या फाइली मात्र तुकड्यांनी जातात, आणि अर्धवट राहिलेले तुकडे यादीत दिसत नसले तरी त्यांचे भाडे चालू राहते. सात दिवसांनी ते काढून टाकण्याचा नियम बकेटवर लावला आहे.

वीज गेल्यावर खरा त्रास झाला तो घड्याळाचा. पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते, त्यामुळे वीज परत आली की ते शेवटची नोंदलेली वेळ धरून उठते, आणि इंटरनेट उशिरा आले तर काही तास मागेच राहते. एस-थ्रीकडे जाणाऱ्या प्रत्येक विनंतीच्या सहीत वेळ गुंफलेली असते, आणि ती पंधरा मिनिटांहून अधिक चुकली की विनंती नाकारली जाते. नोंदवहीत 'रिक्वेस्ट टाइम टू स्क्यूड' ही ओळ रांगेने दिसली, तेव्हा कारण उघड झाले. आता वेळ जुळल्याचा संकेत मिळाल्याशिवाय एजंट सुरूच होत नाही, आणि सोबत डीएस३२३१ चे छोटे घड्याळ जोडले आहे, ज्याची चूक वर्षाकाठी साधारण एका मिनिटापर्यंतच जाते.

शेवटचा भाग नावांचा. फाइलींना केवळ क्रमांक द्यावेत असे काहींचे म्हणणे होते, पण पन्नास वर्षांनी ही पेटी उघडणाऱ्याला वहीचे नाव मराठीतच दिसले पाहिजे, असे मला मनापासून वाटते. त्यासाठी दोन बंधने पाळावी लागतात. लिनक्सच्या ext४ या फाइल-प्रणालीत नावाची मर्यादा २५५ बाइटांची असते, आणि यूटीएफ-८ या अक्षर-संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असल्याने काना-मात्रा धरून ८५ चिन्हांत नाव बसवावे लागते. दुसरे बंधन 'कऱ्हाड'सारख्या नावांचे. त्यातील ऱ एका कळफलकावर एकसंध चिन्ह म्हणून उमटतो, दुसऱ्यावर र आणि नुक्ता असा, तर तिसऱ्यावर र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह असा. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, पण यंत्राच्या लेखी त्या तीन वेगळ्या फाइली ठरतात. युनिकोडच्या एनएफसी या प्रमाणित रूपात आणले की पहिले दोन एक होतात, तिसऱ्यासाठी मात्र बदलाचा नियम स्वतंत्र लिहावा लागला. हे सर्व 'आवक'मधून 'रवाना'कडे जातानाच घडते, त्यामुळे बेरजांच्या यादीतही एकच नाव येते.

पुढील टप्प्यात मांजलपूर येथील तिसरे घर जोडायचे आहे. तिथल्या एजंटला स्वतंत्र प्रमाणपत्र आणि बकेटमध्ये स्वतःचाच उपविभाग मिळेल, म्हणजे एका घरच्या यंत्राला दुसऱ्या घरच्या फाइलींवर लिहिता येणार नाही. त्या धोरणाचा मसुदा तयार असून चाचणी चालू आहे.