फिकट कॉलन्यांचा माग

शौचाच्या त्या नमुन्याचे दोन निष्कर्ष एकमेकांशी जुळत नव्हते, म्हणून तो सूक्ष्मजीव प्रयोगशाळेतल्या माझ्या टेबलावर आला. ११ महिन्यांच्या मुलीला सहा दिवसांपासून पाण्यासारखे जुलाब होत होते आणि अंगात बारीक ताप होता. जंतूंची जनुके शोधणाऱ्या पीसीआर चाचणीत रोटाव्हायरस, नोरोव्हायरस, साल्मोनेला, शिगेला यांपैकी काहीच आढळले नव्हते. उमटले होते ते फक्त ‘ईएई’ हे आतड्याला चिकटण्यासाठी लागणारे जनुक, आणि त्यावरून यंत्राने ‘रोगकारक ई-कोलाय’ असा शेरा मारला होता. ई-कोलाय बहुधा मॅकॉन्की प्लेटवर, म्हणजे जंतू वाढवण्याच्या एका माध्यमावर, गुलाबी दिसतो. इथे गुलाबी कॉलन्या, म्हणजे जंतूंच्या ठिपक्यांसारख्या वसाहती, मोजक्याच होत्या आणि त्यांच्यात ते जनुक सापडत नव्हते. उरलेली सगळी प्लेट लहान, रंगहीन कॉलन्यांनी भरली होती.

या रंगहीन कॉलन्या आदल्या दिवशी मीच बाद केल्या होत्या. अशी कॉलनी दिसली की आम्ही साल्मोनेला आणि शिगेला शोधतो, आणि ते नाहीत असे ठरले की प्लेट बाजूला जाते. सुदैवाने ट्यूब अजून फेकल्या नव्हत्या. जंतू कोणती शर्करा आंबवतो हे दाखवणाऱ्या तिहेरी शर्करेच्या ट्यूबमध्ये तळाचे माध्यम वायूमुळे मधोमध चिरले होते, मात्र साल्मोनेलामुळे बहुधा येतो तसा काळेपणा कुठेही आला नव्हता. लायसीन हे अमिनो आम्ल फोडण्याची चाचणीही पॉझिटिव्ह होती. शिगेला लायसीन फोडत नाही. प्रथिनांच्या ठशावरून जंतू ओळखणाऱ्या मॅल्डी यंत्राने मात्र निःशंकपणे ‘ई-कोलाय’ असेच उत्तर दिले, कारण आमच्याकडच्या त्याच्या जुन्या संग्रहात मला ज्याचा संशय होता ती प्रजातीच नव्हती. मी झायलोजची चाचणी लावली. बहुतेक ई-कोलाय ही शर्करा आंबवतात. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्यूबचा रंग तसूभरही बदलला नव्हता.

संशय होता तो ई-कोलायचा जवळचा नातलग असलेल्या एश्चेरिचिया अल्बर्टी या जीवाणूचा. बांगलादेशातल्या जुलाब झालेल्या एका तान्ह्या बाळाच्या शौचातून मिळालेल्या या जीवाणूचे वर्णन १९९१ मध्ये झाले, तेव्हा तो ‘हाफ्निया अल्वेई’ हा दुसराच जीवाणू समजला गेला. स्वतंत्र प्रजाती म्हणून त्याला २००३ मध्ये नाव मिळाले, तेही त्याचा अभ्यास करणारे जॉन अल्बर्ट यांच्यावरून. ‘ईएई’ जनुकापासून तयार होणाऱ्या इंटिमिन या प्रथिनाच्या साहाय्याने तो आतड्याच्या पेशीला घट्ट बिलगतो, पेशीवरचे सूक्ष्म रोम तिथल्या तिथे नाहीसे होतात आणि जीवाणूच्या खाली पेशीचा पृष्ठभाग चौथऱ्यासारखा उंचावतो. शोषणाचे कामच तिथे कोलमडते.

बालरोगतज्ज्ञांना फोन केला, तेव्हा त्यांनी नेमका प्रश्न विचारला, “मॅडम, नाव बदलल्याने उपचार बदलतो का?”

“बदलत नाही, पण याच्या काही प्रकारांत शिगा विषाचे जनुक असते. ते असेल तर अँटिबायोटिकमुळे विष आणखी सुटू शकते, म्हणून तपासून होईपर्यंत ते सुरू करू नका.”

“तिला ओआरएस आणि झिंकच चालू आहे.”

शिगा विषाचे जनुक संध्याकाळी निगेटिव्ह आले. जनुकक्रमाची तपासणी दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवावी लागली आणि तिचा निकाल आला, तेव्हा मुलीचे जुलाब थांबून आठवडा उलटला होता. प्रजाती अल्बर्टीच होती. तरीही आजार त्याच्यामुळेच झाला असे मी रिपोर्टमध्ये लिहिले नाही. इंटिमिनचे जनुक बाळगणारे जीवाणू अगदी ठणठणीत मुलांच्या शौचातही सापडतात, आणि जंतू सापडणे व आजाराचे कारण सापडणे यांत अंतर आहे. दुसरा कोणताही रोगकारक सापडला नव्हता आणि प्लेटवर वाढ भरघोस होती, एवढ्या आधारावर ‘संभाव्य कारण’ हेच शब्द वापरले.

जपानमध्ये ई-कोलाय समजून ठेवलेले, ‘ईएई’ असलेले १७९ जीवाणू पुन्हा तपासले, तेव्हा त्यांतले २६ अल्बर्टी निघाले होते. आमच्या फ्रीझरमध्येही तशीच चिठ्ठी लावलेल्या जुन्या नळ्या आहेत. त्या आठवड्याच्या शेवटी त्यांतल्या पहिल्या १२ मी बाहेर काढल्या आणि झायलोजवर लावल्या.