तुम्ही विचारलंत म्हणून: लोकांच्या दारातला पाला

"तुमच्या दारात झाडं कमी आहेत का, की लोकांचा पालापाचोळा उचलून आणता?"

पानगळीच्या दिवसांत हा प्रश्न मला पाच-सहा वेळा तरी ऐकावा लागतो. कोणी कुतूहलानं विचारतं, कोणी कीव येऊन. एकदा घरी आलेल्या एका पाहुण्या बाईंनी तर माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "सगळं ठीक चाललंय ना?" मी तेव्हा नेमकी पाठीवर पोतं टाकून फाटकातून आत येत होते आणि केसांत काटक्या अडकल्या होत्या. त्यांचा दोष नाही.

तर उत्तर असं, की मी घरच्या कचऱ्याचं खत करते. त्याला लागणारं ओलं, म्हणजे स्वयंपाकघरातला कचरा, आमच्या घरात रोज निघतं आणि सुकं, म्हणजे पाला, वर्षातून दीड-दोन महिनेच मिळतं. म्हणून मिळतं तेव्हा जमेल तेवढं भरून ठेवायचं. एवढंच आहे खरं तर. पण एवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही, म्हणून जरा हिशेबच मांडते.

स्वयंपाकघरातला रोजचा ओला कचरा दोन लिटरचा डबा भरेल एवढा असतो. त्यावर निदान चार लिटर चुरलेला सुका पाला पडला तर तो नीट कुजतो. म्हणजे वर्षाला चौदाशे साठ लिटर. माझ्या एका पोत्यात दाबून भरला तर नव्वदेक लिटर चुरा बसतो, म्हणजे झाली सोळा पोती. आणि हा झाला चुरा. अख्खी पानं चुरली की तिसरा हिस्सा उरतो, म्हणजे गोळा करायची झाली तर अठ्ठेचाळीस पोती. आमच्या दारातली दोन झाडं मिळून वर्षाला फार तर दहा पोती देतात. उरलेली अडतीस कुठून आणायची? हे गणित एकदा कागदावर मांडलं आणि मी शेजारच्या काकूंचं दार वाजवलं.

घरी खत करायला घेऊन महिन्याभरात सोडून दिलेली माणसं मला बरीच भेटतात. सगळ्यांची कहाणी सारखीच: वास यायला लागला, चिलटं झाली, आळ्या पडल्या, तळाशी काळं पाणी साचलं. त्यांना वाटतं डबा चुकीचा घेतला, नाहीतर कुजवायला घालायचं विरजण चुकलं. बहुतेक वेळा तसं काही नसतं, सुकं कमी पडलेलं असतं. कचरा कुजवणारे जिवाणू कर्ब (कार्बन) खाऊन त्यावर जगतात आणि नत्र (नायट्रोजन) वापरून आपली शरीरं वाढवतात. एका भाग नत्राला पंचवीस-तीस भाग कर्ब मिळाला की त्यांचं छान चालतं. भाजीपाल्याच्या कचऱ्यात हे प्रमाण साधारण एकास पंधरा-वीस असतं, सुक्या पानांत एकास पन्नास किंवा त्याहूनही जास्त. नत्र जास्त झालं की ते अमोनिया होऊन उडून जातं आणि नाकाला झोंबतं. शिवाय ओल्या कचऱ्यात बहुतांश पाणीच. ते फटीफटीत भरलं की हवा कोंडते, आणि हवेशिवाय जगणारे जिवाणू कामाला लागतात. कुजका वास येतो तो त्यांच्यामुळे. पाला नुसता कर्ब देत नाही, तो फटी उघड्या ठेवतो. मला विचाराल तर त्याचं हे दुसरं काम जास्त मोलाचं आहे.

सुक्या पानात नत्र इतकं कमी का, याचं मला फार नवल वाटायचं. पान गाळायच्या आधी झाड त्यातला कामाचा माल उतरवून घेतं. हरितद्रव्य मोडतं, पानातलं नत्र आणि स्फुरद (फॉस्फरस) फांदीत परत ओढून घेतं, आणि मग देठाशी पेशींचा एक पातळ पडदा तयार होऊन पान सुटतं. नत्राचा साधारण निम्मा भाग असा परत जातो. कॅल्शियम मात्र झाडाला परत नेता येत नाही, ते पानातच राहतं. म्हणजे आपल्या हातात पडतं ते आवराआवर झालेलं घर. भांडीकुंडी गेलेली, भिंती शिल्लक. आपल्याला भिंतीच हव्या असतात.

ओलं-सुकं थरावर थर रचण्याची ही कल्पना अर्थातच माझी नाही. अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शेतीशास्त्रज्ञानं १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला जी खताची पद्धत बसवली, तिचं मर्मही तेच होतं: सुका काडीकचरा, हिरवा पाला, शेण, थोडी माती आणि राख, आणि ठरावीक दिवसांनी ढीग पालटणं. त्यांच्याबरोबर काम करणारे रसायनतज्ज्ञ होते यशवंत वाड. हे नाव फारसं कुणी घेत नाही, म्हणून मी मुद्दाम घेते.

पहिल्या वर्षी मी सपशेल आपटले. उत्साहाच्या भरात चौदा पोती अख्खी पानं आणली आणि जाळीच्या पिंपात ठासली. आठ महिन्यांनी उघडून बघते तर मधली पानं जशीच्या तशी! रद्दीच्या गठ्ठ्यासारखी एकावर एक चिकटलेली, बाहेरून ओली आणि आतून कोरडी ठणठणीत. जाड, तुकतुकीत पानांवर मेणाचा थर असतो आणि पाणी त्यावरून घसरून जातं. वरून कितीही ओतलं तरी मधल्या पानाला थेंब लागत नाही. तेव्हापासून दोन गोष्टी न चुकता करते. पाला चुरते, आणि ढीग रचताना प्रत्येक थर वेगळा भिजवते. मूठभर पाला घट्ट पिळला की हाताला ओल लागावी, फार तर एखाद-दुसरा थेंब निघावा, धार लागू नये.

चुरायला यंत्र लागत नाही. दोन दिवस कडक ऊन खाल्लेला पाला पोत्यात अर्धा भरायचा, तोंड बांधायचं आणि पोतं जमिनीवर आडवं टाकून त्यावर नाचायचं. आसपासची पोरं हे काम फुकटात करतात, वर पुन्हा कधी बोलावणार म्हणून विचारतात. गवत कापायचं यंत्र असेल तर ते पाल्यावरून दोनदा फिरवलं तरी झालं.

सगळी पानं सारखी नसतात, हेही लोकांचे पाले आणल्यावरच कळलं. गुलमोहर, चिंच, शिरीष यांची बारीक पानं म्हणजे आयता चुरा. पोत्यात भरताना अर्धी हातातून निसटतात, पण कुजतात भराभर. आंबा, फणस, वड यांची पानं चिवट, त्यांना वेळ द्यावाच लागतो. पानांना ताठपणा देणारं लिग्निन जिवाणूंना फारसं पचत नाही, ते मुख्यतः बुरशीनं फोडायचं असतं. ढिगात पांढऱ्या जाळ्या दिसल्या की नवखी माणसं घाबरतात. मी खूश होते. निलगिरीचा पाला मी सरसकट घेत नाही, कारण ताज्या पानांतली तेलं कोवळ्या रोपांना मानवत नाहीत. सुरूच्या सुयांनी माती आंबट होते असं म्हणतात, पण पुरतं कुजल्यावर तो आंबटपणा जवळपास उरत नाही. त्या फक्त फार सावकाश कुजतात.

डब्यात घालून उरलेला चिवट पाला मी एका कोपऱ्यात जाळीत नुसता रचून ठेवते. त्यात ओलं काही घालत नाही, अधूनमधून पाणी मारते आणि विसरून जाते. वर्ष-दोन वर्षांत त्याची काळी, मऊ, पावसाळी जंगलासारखा वास येणारी माती होते. बागवाली मंडळी तिला लीफ मोल्ड म्हणतात. खत म्हणून तिच्यात फार दम नसतो, पण पाणी धरून ठेवण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. कुंड्यांच्या मातीत मिसळली की उन्हाळ्यात एका पाळीचं पाणी वाचतं. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातली ही सर्वांत चांगली वस्तू, आणि हिच्यासाठी काहीच करावं लागत नाही!

आता घेत काय नाही ते सांगते, कारण तिथे मला चांगला फटका बसलाय.

एका वर्षी एका बंगल्यातून पाला मिळाला, त्यात हिरवळीचं कापलेलं गवतही होतं. एकत्र चांगलं जमेल म्हणून मी हरखून आणलं. चार महिन्यांनी त्याचं खत टोमॅटोच्या रोपांना घातलं, तर पंधरा दिवसांत शेंडे मुरडले, पानं नेच्यासारखी अरुंद होऊन वळली. आधी कीड समजले, मग विषाणू समजले. शेवटी त्या बंगल्यातल्या काकांना विचारलं तेव्हा ते सहज म्हणाले, "हो, हिरवळीवर तण फार झालं होतं, मारलं काहीतरी." क्लोपिरॅलिड, अमिनोपिरॅलिड अशी काही तणनाशकं ढिगात महिनोन्‌महिने टिकतात. ती फवारलेला चारा जनावरानं खाल्ला तर शेणातूनही उतरतात. टोमॅटो, वाटाणा, घेवडा यांना त्यांचा अगदी कणही सोसत नाही. काकांनी नेमकं काय मारलं होतं ते त्यांनाही आठवलं नाही, पण लक्षणं तीच होती. तेव्हापासून नवीन घराचा माल असेल तर तयार खतात घेवड्याच्या चार बिया टाकून बघते. शेजारी साध्या मातीत चार. तीन आठवड्यांत काय ते कळतं. आणि पोतं उचलायच्या आधी विचारते, "काका, यंदा काही फवारलंत का?" पहिल्यांदा हा प्रश्न विचारताना ओशाळल्यासारखं झालं होतं. फुकट घ्यायचं आणि वर चौकशी करायची! पण लोकांना राग येत नाही. उलट कुणीतरी आपल्या कचऱ्याकडे इतकं गंभीरपणे बघतंय याची त्यांना गंमत वाटते.

रहदारीच्या रस्त्याच्या कडेचा पालाही नको. त्यात टायरची झीज, तेल, प्लास्टिकचे तुकडे येतात. जिथे कुत्री फिरवतात तिथला नको. बिया धरलेलं तण मिसळलेलं असेल तर तेही नको, कारण घरच्या लहान डब्यात पुरेशी उष्णता होत नाही. घनमीटरभर ढीग नीट रचला तर आत पंचावन्न-साठ अंशांपर्यंत जातो आणि बिया, रोगाचे जंतू बरेचसे मरतात. एका वर्षी मी तसा ढीग केला होता. मध्ये खुपसलेली सळई पाच मिनिटांनी बाहेर काढली तर हातात धरवेना. पण तेवढा माल एकदम जमवणं दरवर्षी जमत नाही.

आणि पोत्यात कधीही उघडा हात घालू नका. विंचू एकदाच निघाला, पण एकदा पुरे झालं. बाकी निघतात त्या वस्तू निरुपद्रवी असतात: पेनांची टोपणं, बॅडमिंटनची फुलं, चाक गेलेली खेळण्यातली गाडी. एकदा कानातला एक डूल निघाला. तो घेऊन मी सहा घरं फिरले. सहाव्या घरच्या आजींनी तो ओळखला, आणि दुसरा त्यांनी आदल्याच आठवड्यात टाकून दिला होता.

एक प्रश्न मात्र फार कमी जण विचारतात, आणि तो रास्त आहे: लोकांच्या झाडांचं अन्न तुम्ही पळवता, त्याचं काय? पडलेल्या पाल्यावर पहिला हक्क झाडाचाच. तो बुंध्याभोवती पसरला तर तिथेच मुरतो, ओल धरतो, गांडुळं खाली ओढून नेतात, फुलपाखरांचे कोश आणि कितीतरी किडे त्यात दिवस काढतात. म्हणून कुठल्याही घरी गेले की आधी म्हणते, "झाडाखाली राहू द्या ना, फक्त खोडाला टेकवू नका." ऐकतात काही जण. बाकीच्यांना अंगण स्वच्छ हवं असतं, मग तो पाला जाळला जातो किंवा प्लास्टिकच्या पिशव्यांत कोंबून कचऱ्याच्या गाडीत जातो. जाळला तर सूक्ष्म कणांनी भरलेला धूर सगळ्यांच्या छातीत. डेपोत गाडला गेला तर हवेविना कुजून मिथेन. मी उचलते तो हा पाला. सकाळी झाडलोट करणाऱ्या दादांशी माझा करारच आहे. ते कोपऱ्यावर ढीग लावतात, काडी लावत नाहीत, आणि मी नऊच्या आत पोती भरते. पाऊस पडला तर भरत नाही. ओला पाला पोत्यात तापतो आणि त्याचा चिखल होतो.

अडतीस पोत्यांचा तो पहिला हिशेब आता सात वर्षांचा झालाय. मध्ये दोन वर्षं पन्नासच्या वर गेली आणि नवरा गाडी लावायला जागा शोधत फिरत होता. यंदा मात्र अठ्ठावीसच जमली. शेजारच्या काकू, ज्यांचं दार मी सर्वांत आधी वाजवलं होतं, त्यांनी गेल्या वर्षी माझ्याकडून बादलीभर खत नेलं आणि यंदा स्वतःच डबा मांडला. त्यांच्या दारचा पाला बंद झाला. पाठोपाठ त्यांच्या जावेच्या दारचा. मला आनंद झाला असं मी सगळ्यांना सांगते, आणि तो झालाही. पण परवा काकू कुंपणापाशी येऊन म्हणाल्या, "अगं, माझा सुका पाला संपत आला. तुझ्याकडे एखादं पोतं असेल का गं?"

दिलं. चुरलेलं नव्हे, अख्ख्या पानांचं दिलं.