टाकी भरलेली, इंजिन उपाशी

रात्री सव्वाअकराला नानांचा फोन आला. "जनरेटर चालू होते अन् बंद पडते. मिस्त्रीले काही समजू नही ऱ्हायलं. तू ये."

मी म्हटलं, "नाना, मी सिव्हिलवाला. इंजिनातलं मला काय कळतं?"

"चेंबर तूच बांधलं ना? मंग ये."

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. पायात चपला सरकवल्या आणि मोटरसायकल काढली.

मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. त्या दिवशी संध्याकाळी सातपुड्याच्या अंगानं आभाळ काळंनिळं झालं, आधी धुळीचा लोट आला आणि मग जेमतेम वीस मिनिटं वारा. पाऊस नंतर आला, तोही नावापुरता. रावेर-यावलकडच्या माणसाला यात नवीन काही नाही. केळीच्या खोडाला आपण खोड म्हणतो, पण ती पानांच्या देठांची एकात एक बसलेली गुंडाळी असते, पाण्यानं गच्च. तिच्या डोक्यावर वीस-पंचवीस किलोचा घड लटकत असतो. अशा झाडाला जोराचा वारा लागला की ते कमरेत मोडतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोटरसायकलच्या उजेडात तेच दिसत होतं: मोडलेल्या केळी, सगळ्या एकाच दिशेला निजलेल्या. विजेचे आडवे झालेले पोलही मोजत निघालो होतो. अकरापर्यंत मोजले आणि सोडून दिलं. लाइट दोन दिवस येत नाही हे तेवढ्यावरच कळलं.

नानांचं केळी पिकवायचं केंद्र गावाबाहेर रस्त्याला लागून आहे. चार चेंबर आणि चारही त्या रात्री भरलेली. ज्यांनी हा धंदा जवळून पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. हिरवा माल क्रेटमध्ये भरून बंद खोलीत ठेवतात, फळ पिकवणारा इथिलीन गॅस सोडतात, तापमान सोळा-अठरा अंशांवर धरतात आणि चार-पाच दिवसांत माल एकसारखा पिवळा होतो. यात एक मेख आहे. केळी झाडावरून उतरवली तरी तिचं आतलं काम चालूच असतं, आणि पिकायला लागली की ती स्वतःच तापते. कूलिंग थांबलं तर बंद खोलीत ही उष्णता साठत जाते आणि माल उकडतो. साल हिरवट राहते, आत गर लिबलिबीत होतो. असा माल मग गाईलाच घालायचा.

दोन चेंबरना इथिलीन लागून दोन दिवस झाले होते. दाराच्या काट्यावर बावीस अंश दिसत होते.

जनरेटरजवळ मिस्त्री घामानं निथळत उभा होता. त्यानं सगळं करून पाहिलं होतं. डिझेल फिल्टर दोनदा बदलला, लाइनमधली हवा काढली, फीड पंप खोलून पुन्हा बसवला. लक्षण एकच. इंजिन चालू होई, वीसेक मिनिटं मस्त चाले, मग आचके देई आणि बंद पडे. अर्धा तास तसंच ठेवलं की पुन्हा चालू, पुन्हा वीस मिनिटांत बंद.

"डिझेल आहे ना?" मी विचारलं.

"काठोकाठ आहे साहेब. वादळाच्या आधीच नानांनी भरून घेतली."

ती टाकी चेंबरच्या मागच्या भिंतीला लागून, लोखंडी घोडीवर उंच बसवलेली. जागा मीच दाखवली होती. मी हातात बॅटरी घेऊन आधी काय पाहिलं असेल, तर माझी भिंत. सिव्हिलवाल्याची खोड. भिंतीला एका जागी खळगा पडला होता. खाली पीव्हीसी पाइपचे तुकडे, दुसऱ्याच कुणाच्या तरी शेडचा वाकलेला पत्रा आणि ठिबकच्या नळ्यांचं एक भेंडोळं पडलं होतं. आत जाऊन भिंतीची मागची बाजू पाहिली, पोपडाही निघाला नव्हता. खोटं कशाला सांगू, मिनिटभर मला बरं वाटलं.

मागची बाजू बघायची सवय मला मुंबईत लागली. गावी परतण्याआधी नऊ वर्षं मी तिथल्या एका कचेरीत परदेशी अणुवीज प्रकल्पांच्या इमारतींची आकडेमोड करत होतो. वारा आणि वाऱ्यानं उडून आलेल्या वस्तू हा माझा विषय. त्या वस्तूंना तिथं सरळ मिसाइल म्हणतात, त्यामुळे घरी आईला वाटायचं मुलगा सैन्याचं काहीतरी काम करतो. अमेरिकेच्या नियमात तीन मिसाइल ठरवून दिलेली आहेत. एक, साडेचार मीटर लांबीचा, सहा इंची, 130 किलोचा लोखंडी पाइप. दोन, 1,810 किलोची मोटारगाडी. टॉर्नेडोच्या, म्हणजे भोवऱ्यासारख्या फिरत्या वादळाच्या, सर्वांत वाईट पट्ट्यात ही दोन्ही सेकंदाला 41 मीटरनं, म्हणजे ताशी जवळपास दीडशे किलोमीटरनं येऊन आदळतात असं धरायचं. तिसरं मिसाइल म्हणजे एक इंच व्यासाची पोलादी गोळी. पाइप भोसकतो, गाडी चेचते, हे कुणालाही कळतं. गोळी कशासाठी हे मला पहिले सहा महिने कळलं नव्हतं. ती जाळीच्या फटीतून आत शिरते का, हे बघायला.

काँक्रीटच्या भिंतीवर पाइप आदळला की समोर खड्डा पडतो, तो दिसतो. त्याहून वाईट म्हणजे पाइप आरपार न जाताही भिंतीच्या मागच्या अंगाचा काँक्रीटचा तुकडा सुटून आत उडतो. आतल्या पंपासाठी किंवा केबलसाठी तो तुकडाच नवं मिसाइल. म्हणून भिंतीची जाडी नुसतं भोक पडू नये एवढ्यावर ठरवत नाहीत, मागचा पोपडाही उडता कामा नये. वारा धरायचा तो ताशी 370 किलोमीटरचा, एक कोटी वर्षांत एकदा येईल असा. 1974 च्या नियमात तर तो 580 होता. 2007 मध्ये तो कमी केला. आमचे वरिष्ठ म्हणायचे, भिंतीची काळजी करू नका, भिंती सगळ्या पास होतात. भिंतीतून बाहेर काय डोकावतं ते बघा.

हे वाक्य मला त्या रात्री टाकीकडे बघताना आठवलं.

जून 2015 मध्ये अमेरिकेच्या अणुऊर्जा नियामकानं सगळ्या प्रकल्पांना याच विषयावर सूचना धाडली होती. त्यानंतर प्रकल्पांनी आपापल्या आवारात फिरून पाहिलं, तेव्हा अनेक ठिकाणी तेच सापडलं: डिझेल जनरेटरची धुराडी आणि डिझेलच्या टाक्यांचे व्हेंट, म्हणजे टाकीत हवा येण्याजाण्याचे पाइप, उघड्यावर. जाडजूड भिंतीआड इंजिन सुरक्षित, आणि त्याचं नाक बाहेर. आमच्याकडे त्याचे तक्ते यायचे. त्यातली एक ओळ मी स्वतः किती वेळा टाइप केली असेल: व्हेंट चेपला, टाकीत हवा जात नाही, इंधन खेचलं जात नाही, इंजिन बंद.

मी मिस्त्रीला म्हटलं, "चालू कर. आणि बंद पडलं की टाकीचं झाकण उघड."

"झाकण कशाला साहेब? डिझेल तर दिसू ऱ्हायलं काचेत."

"उघड तर."

पुन्हा वीस मिनिटं आम्ही इंजिनाचा आवाज ऐकत उभे होतो. नाना तंबाखू मळत होते. आचके सुरू झाले, इंजिन बंद पडलं. मिस्त्री घोडीवर चढला आणि पान्यानं झाकण सैल केलं, तोच टाकीनं श्वास घेतला. दुसरा शब्द नाही त्याला. सूंऽऽऽ करून हवा आत गेली, बराच वेळ जात राहिली, आणि पत्र्याची टाकी आतून टण्णकन वाजून सरळ झाली. मिस्त्रीनं हात झटकन मागे घेतला.

मग बॅटरी मारून व्हेंट शोधला. टाकीच्या मागून वर गेलेला इंचभराचा पाइप, पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून तोंड खाली वळवलेलं. त्या वळणावर उडता पत्रा बसला होता आणि पाइप असा चपटा झाला होता, जशी लहान पोरं शीतपेय संपल्यावर दातांनी नळी चावतात. तोंड जागेवर होतं, त्यामुळे दुरून सगळं ठीक दिसत होतं. भोक मात्र राहिलं नव्हतं.

नानांना मी तेलाच्या डब्याचं उदाहरण दिलं. पंधरा किलोच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गचके खात पडतं, दुसरं पाडलं की धार लागते. इथे कुणीतरी दुसरं भोक बुजवलं होतं. आणि टाकी काठोकाठ भरल्यामुळे काम आणखी बिघडलं. वर हवेला जागाच थोडी, म्हणून पाच-सात लिटर डिझेल गेलं की ओढ बसायची. टाकी अर्धी असती तर इंजिन कितीतरी जास्त वेळ चाललं असतं. फटीफटीतून थोडी हवा झिरपली की पुन्हा वीस मिनिटं.

"म्हंजे मी टाकी भरली हे चुकलं?" नाना म्हणाले.

"नाही नाना. मी पाइप उघड्यावर ठेवला हे चुकलं."

हे बोलायला मला जरा वेळ लागला, हे कबूल करतो. दुसऱ्याच्या देशातल्या टाक्यांची नाकं मोजत नऊ वर्षं घालवली, आणि गावात चुलत्यासारख्या माणसाच्या टाकीला उघडं नाक ठेवून आलो. ते काम करताना मनात आलंच नव्हतं. केळीचं गोदाम आहे, म्हटलं, इथं कशाला.

झाकण सैल ठेवून त्यावर जुनं कापड बांधलं आणि इंजिन चालू केलं. ते मग बंद पडलं नाही. साडेतीनला काटा अठरावर आला. दोन चेंबर पूर्ण वाचली. ज्या दोनमध्ये गॅस आधी लागला होता, त्यातला काही माल आतून मऊ निघाला. नानांनी तोट्याचा आकडा मला आजवर सांगितलेला नाही.

चहा पिताना त्यांनी विचारलं, "तुह्या त्या अणुवाल्यांचं बी असंच होतं का?"

मी म्हटलं, अगदी असंच. अणुभट्टी बंद केली तरी ती केळीसारखी तापत राहते. बंद केल्या क्षणी तिची पूर्ण ताकदीच्या सहा-सात टक्के उष्णता आत चालूच असते, ती हळूहळू कमी होते. तोवर पंप चालले पाहिजेत आणि पंपाला वीज पाहिजे. फ्लोरिडात टर्की पॉइंट म्हणून प्रकल्प आहे. 24 ऑगस्ट 1992 ला अँड्र्यू वादळ थेट त्याच्यावरून गेलं. भट्ट्यांच्या इमारतींना काही झालं नाही. बाहेरची वीज मात्र पाच दिवसांहून जास्त गेली, आणि पाण्याची एक उंच टाकी कोसळून आग विझवायच्या यंत्रणेवर पडली. अलाबामात ब्राउन्स फेरीला 27 एप्रिल 2011 ला टॉर्नेडोंनी विजेच्या लाइन पाडल्या, तिन्ही भट्ट्या आपोआप बंद झाल्या. दोन्हीकडे डिझेल इंजिनांनी तारलं. त्याच्या महिना-दीड महिना आधी जपानमध्ये फुकुशिमाला त्सुनामीच्या पाण्यात डिझेल इंजिनंच बुडाली, पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे.

नाना थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "अन् आपलं काकरापार?"

हा प्रश्न रावेरच्या माणसाला सुचावा हे मला आवडलं. नवापूरच्या पलीकडे, गुजरातेत, 220 मेगावॉटच्या दोन आणि 700 च्या दोन अशा चार भट्ट्या. आपल्या हतनूर धरणावरून गेलेली तापीच पुढे उकाई धरणातून काकरापारला पोचते. मी सांगितलं की तिथंही इंजिनं एकापेक्षा जास्त असतात आणि एकमेकांपासून वेगळी ठेवलेली असतात, म्हणजे एकाच दणक्यात सगळी जाऊ नयेत. नाना म्हणाले, "आपलं तं एकच आहे." त्यावर मी चहा संपवला.

उजाडल्यावर आवारात फिरलो. जुन्या नोकरीत याला वॉकडाउन म्हणायचे: हातात वही घ्यायची आणि उडू शकेल अशी प्रत्येक वस्तू लिहायची. नानांच्या आवारात एक पान सहज भरलं. रिकामे क्रेट, पीव्हीसीचे तुकडे, नुसत्या तारेनं बांधलेलं सोलरचं पॅनल. आणि शेजारच्या शेडच्या पत्र्यावर ओळीनं मांडलेले दगड. पत्रा उडू नये म्हणून दगड ठेवायची आपल्याकडे पूर्वापार रीत आहे. पण ताशी 140 किलोमीटरचा वारा चौरस मीटरवर नव्वद-एक किलोचा जोर लावतो. तीन मीटर लांब, मीटरभर रुंद पत्र्याला तो अडीचशे किलोंहून जास्त जोरानं उचलू पाहतो, आणि पत्रा स्वतः तेरा-चौदा किलोचा. त्यावर दहा किलोचा दगड ठेवला काय अन् न ठेवला काय. पत्रा जायचा तो जातोच, वर दगडालाही घेऊन जातो. टाकीवर बसलेला पत्रा त्याच शेडचा होता. भिंतीतल्या खळग्याखाली माती उकरली तर काळा दगडही सापडला.

आठवडाभरात काम पुरं केलं. टाकीला आता दोन व्हेंट आहेत, एक पूर्वेकडे, एक पश्चिमेकडे, दोन्हींवर आठ मिलिमीटर प्लेटची टोपी. पैसे घेतले नाहीत. नानांनी दिले होते, हे खरं.

त्या दिवशी सकाळी घरी आलो तर आई दारातच उभी होती. मी आधी वर पाहिलं. मागच्या खोलीच्या पत्र्यावर जुन्या जात्याची वरची तळी ठेवलेली. लहानपणापासून तिथंच आहे, मला कधी दिसलीच नव्हती.

"ती काढतो," मी म्हटलं.

"अन् मग पत्रा कशानं दबंल?"

"हुक मारतो. प्रत्येक वाशाला."

"तुह्या बापानं ठेवेल हे ते. कुठं गेलं का चाळीस वरसात?"

शिडी लावून चढलो. तळी छातीशी धरून एकेक पायरी उतरलो आणि ओट्यावर ठेवली. मग शेजारच्या दुकानातून वजनकाटा मागवला. बावीस किलो.